केस बारीक, टाळू बिघडलेला: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: केस अगदी बारीक, म्हणजे आखूड झालेत, डोकं खाजतं, आणि घरात प्रत्येक जण वेगळं तेल सुचवतो. त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे, कारण बाकीच्यांपैकी अनेकांचं उत्तर त्यातच मिळेल.

प्रश्न: माझं वय २६. तीन वर्षांत चारदा स्मूदनिंग (रसायनांनी केस सरळ करणं) केलं. केस तुटून हातात यायला लागले, म्हणून सगळे कापून बॉयकट केला. आता केस जेमतेम अडीच सेंटीमीटर आहेत आणि मूळचे कुरळे परत येत आहेत. पण डोक्यात पिवळसर, तेलकट खपल्या धरतात, कानामागे लाल होतं, दिवसभर खाजवून राहिली असते. केस मात्र कोरडे, तारेसारखे. आई एक दिवसाआड रात्री कोमट खोबरेल तेलात लिंबू पिळून मालिश करून देते. रात्री बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून पुन्हा खाज. केस वाढवायचे आहेत. काय करू?
(मानेवाडा, नागपूर)

उत्तर: तुमच्या डोक्यावर दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींवर एकच तेल ओतलं जातंय. टाळू ही जिवंत त्वचा आहे. तिला त्वचेसारखे उपचार लागतात. टाळूच्या बाहेर आलेला केस हा निर्जीव धागा आहे. त्याला धाग्यासारखं जपावं लागतं. टाळू तेलकट आणि केस कोरडा, असं एकाच डोक्यावर असू शकतं. कुरळ्या केसांत तर हे फार आढळतं, कारण टाळूची चरबी वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत पोहोचतच नाही.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून हा सेबोऱ्हिक डर्मटायटिस वाटतो, म्हणजे कोंड्याचाच थोरला भाऊ. मॅलेसेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर असते. ती त्वचेतून पाझरणाऱ्या चरबीवर जगते, चरबी फोडते, आणि त्यातून उरलेली आम्लं काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. त्वचा लाल होते, पेशी नेहमीपेक्षा भराभर सुटतात आणि खपल्या साचतात. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची तर तिच्या खाद्यात तेल घालावं लागतं, एवढं सांगितलं तरी पुरे. तेलाने खपल्या मऊ होऊन टाळूला चिकटून बसतात, म्हणून रात्री बरं वाटतं. बुरशीला मात्र जेवण मिळालेलं असतं.

आईंना वाईट वाटू देऊ नका, मालिश त्या मायेनेच करतात. पण टाळू शांत होईपर्यंत तेल पूर्ण बंद. लिंबू तर कायमचं बंद. सुजलेल्या त्वचेवर ते झोंबतं, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर कडक ऊन पडलं तर काळे डाग उठू शकतात, फोडही येऊ शकतात. केस बारीक असताना नागपूरचं ऊन थेट टाळूवर पडतं. संत्र्याच्या सालीची पूड आपल्याकडे घरोघरी असते, तीही डोक्याला नको. ती खरखरीत असते आणि सालीतलं सुगंधी तेल चिडलेल्या त्वचेला आणखी चिडवतं.

आता उपचार. औषधाच्या दुकानातून कीटोकोनाझोल २ टक्के असलेला शाम्पू घ्या. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. डोकं नीट ओलं करा, एक ते दीड चहाचा चमचा शाम्पू घ्या आणि तो बोटांच्या पेरांनी टाळूवर, कानामागे, कपाळावरच्या केसांच्या रेषेवर लावा. नखं लावू नका. मग घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा आणि कोमट पाण्याने धुवा. ‘शाम्पूने काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो अर्ध्या मिनिटात धुऊन टाकलेला असतो. औषधाला बुरशीपर्यंत पोहोचायला वेळच मिळत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे खपल्या दिसेनाशा झाल्या की शाम्पू सोडून देणं. हा त्रास आटोक्यात राहतो, मुळासकट जात नाही. म्हणून चार आठवड्यांनंतर आठवड्यातून एकदा आणि पुढे पंधरवड्यातून एकदा तोच शाम्पू चालू ठेवा. थंडीत हा त्रास बहुधा पुन्हा डोकं वर काढतो, तेव्हा परत आठवड्यातून दोनदा.

जाड, घट्ट बसलेल्या खपल्या फणीने खरवडून काढू नका. त्याखालची त्वचा ओली होते, त्यात जंतू शिरतात, आणि तिथले केस खपलीसोबत उपटले जातात. न्हाण्याआधी अर्धा तास लिक्विड पॅराफिन, तेवढ्याच जागेवर, कापसाने लावा. हे खनिज तेल आहे, त्यावर ही बुरशी पोसत नाही. मग वरीलप्रमाणे शाम्पू.

चार आठवड्यांत फरक पडला नाही, खपल्या चंदेरी आणि जाड होऊन कपाळावर उतरल्या, कोपरांवर किंवा गुडघ्यांवरही तसेच चट्टे दिसले, तर तो सोरायसिस असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खासगीत जमत नसेल तर मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. दुकानदाराने ‘खाजेची ट्यूब’ म्हणून काही दिलं तर वेष्टनावरची नावं वाचा. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. डॉक्टरांनी मोजक्या दिवसांसाठी दिलं तर ते उत्तम औषध. मनाने महिनोन् महिने लावलं तर त्वचा पातळ होते आणि बंद केल्यावर त्रास दुपटीने उसळतो.

टाळूचं झालं. आता त्या तारेसारख्या केसांचं.

केसाला ओलावा पाण्याने मिळतो. तेल तो ओलावा आत धरून ठेवतं, स्वतः ओलावा देत नाही. कोरड्या केसावर तेल चोपडलं तर तो फक्त चकचकीत कोरडा केस होतो. म्हणून सगळं काम ओल्या केसांवर करायचं. औषधी शाम्पू धुतल्यावर पाणी निथळत असतानाच वाटाण्याएवढं साधं कंडिशनर दोन्ही तळव्यांवर पसरवा आणि तळवे केसांच्या टोकांवरून अलगद फिरवा. अडीच सेंटीमीटर केसांत टाळूला थोडंफार लागणारच, पण चोळून मुरवायचं नाही. दोन मिनिटांनी धुवा. मग न धुता ठेवायचं लीव्ह-इन कंडिशनर, तेही वाटाण्याएवढंच, तसंच टोकांवर. टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपा. ज्या दिवशी औषधी शाम्पू नाही त्या दिवशी नुसत्या पाण्याने डोकं भिजवून एवढंच करा. केस इतके बारीक असताना हे पाच मिनिटांचं काम आहे. या लांबीचा हा मोठा फायदा आहे, तो घ्या.

कुरळ्या केसांना वळण धरून ठेवायला जेल लागतं, आणि त्यासाठी विदर्भातल्या स्वयंपाकघरात उत्तम वस्तू आहे: जवस. दोन मोठे चमचे जवस एक कप पाण्यात मध्यम आचेवर ढवळत सात ते दहा मिनिटं उकळा. चमचा वर उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी तार सुटली की लगेच गॅस बंद करून, गरम असतानाच पातळ मलमलीतून गाळा. थंड होऊ दिलं तर ते बियांना धरून बसतं आणि कितीही पिळलं तरी निघत नाही. आणखी उकळलं तर गोळा होतो. मग पाव कप गरम पाणी घालून सैल करा. थंड झाल्यावर एक चहाचा चमचा ओल्या केसांना लावा, मुठीत धरून हलकेच चुरगाळा, आणि वाळेपर्यंत हात लावू नका. उरलेलं फ्रिजमध्ये, जास्तीत जास्त सात दिवस. यात टिकवणारं काही नसतं. मे महिन्यात ओट्यावर राहिलं तर दुसऱ्याच दिवशी आंबतं. वास बदलला की फेकून द्या, चिडलेल्या टाळूवर ते नको. वाळल्यावर पांढरे कण पडले तर ते कोंडा नव्हे, जेल जास्त झालं असं समजा.

कोणी ग्लिसरीनचा फवारा सांगेल. चालतो, पण १०० मिली उकळून थंड केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा, त्यापेक्षा जास्त नाही. जास्त झालं की केस चिकट होतात आणि रस्त्यावरची सगळी धूळ डोक्यात येते. बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. रात्री उशीला जुन्या रेशमी साडीचा तुकडा बांधा. सुती अभ्र्यावर घासून नव्या केसांची टोकं तुटतात.

वाढीबद्दल. केस महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे आजचे अडीच सेंटीमीटर सहा महिन्यांत साडेआठ ते दहा होतील. कोणतंही तेल हा वेग दुप्पट करत नाही. आपल्या हातात आहे ते एवढंच, की मुळाशी सूज राहू नये आणि टोकाशी तूट होऊ नये. कुरळे केस आखडून असतात, म्हणून आरशात लांबी निम्मीच दिसेल आणि ‘वाढतच नाहीत’ असं वाटेल. दर महिन्याच्या एक तारखेला कपाळाच्या मधोमधचा आणि कानामागचा एक-एक केस ताणून शिंप्याच्या टेपने मोजा, वहीत लिहा. मधल्या काळात मानेवरचे केस आधी लांब दिसतात आणि आकार बिघडतो. सहा-आठ आठवड्यांनी मानेवरचे तेवढे कापा, वरचे राहू द्या. बहुतेक जणी इथेच कंटाळून पुन्हा सगळे कापतात.

आणि स्मूदनिंग पुन्हा नको, निदान टाळूला सूज असताना तर नाहीच. आत्ता डोक्यावर आहे तो सगळा नवा, न बिघडलेला केस आहे. फार त्रासातून मिळालाय तो.

प्रश्न: बेसा भागात राहतो, पाणी बोअरचं. नळांवर पांढरा थर बसतो. यानेच केस गळून राहिले का? शिकेकाई वापरावी का?

उत्तर: बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते केसावर बसतात, केस खरखरीत होतो, गुंततो आणि मधूनच तुटतो. मुळापासून गळण्याचं कारण सहसा वेगळं असतं. पडलेला केस उजेडात धरून पाहा: एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून आला, नसेल तर तुटला. दिवसाला ५० ते १०० केस मुळातून पडणं नेहमीचंच. डेंगी, टायफॉइड किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी ते एकदम खूप पडतात आणि बहुतेकांचे आपोआप परत येतात.

न्हाणं बोअरच्या पाण्यानेच होऊ द्या, फक्त शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या. बारीक केसांना तेवढे पुरतात. महिन्यातून एकदा घटकांत ‘ईडीटीए’ असलेला, क्षार काढणारा शाम्पू वापरा. व्हिनेगरच्या पाण्याने टाळूवर ओरखडे असतील तर आग होते, ते टाळा. शिकेकाई निरोगी टाळूला चालते, पण पूड चोळू नका. दोन चमचे पूड दोन कप पाण्यात उकळून, गाळून, नुसतं पाणी घ्या. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

प्रश्न: मुलगा सात वर्षांचा. डोक्यावर रुपयाएवढा गोल डाग पडलाय, तिथले केस मुळाशी तुटलेत, पांढरा भुसा आहे, खाजतं. शेजारच्या काकू म्हणतात चाई आहे, लसूण घास. लसणाने फोड आले.

उत्तर: लसूण आजच थांबवा. तो भाजतो, आणि ही चाई वाटत नाही. चाईत जागा गुळगुळीत असते: भुसा नाही, खाज सहसा नाही. भुसा, खाज आणि मुळाशी तुटलेले काळ्या ठिपक्यांसारखे केस म्हणजे लहान मुलांत बहुधा डोक्याचा नायटा. ही बुरशी केसाच्या आत, मुळाच्या पिशवीत शिरलेली असते, म्हणून वरून लावलेलं कोणतंही मलम तिथे पोहोचत नाही. पोटातूनच औषध लागतं, ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन, मुलाच्या वजनानुसार, काही आठवडे. डॉक्टर भुसा खरवडून काचेवर तपासतील. त्याआधी काही लावून जाऊ नका. खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नका.

घरातल्या सगळ्यांनी कीटोकोनाझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरावा, त्याने बीजाणू पसरणं कमी होतं. कंगवा, टोपी, टॉवेल, उशी वेगळी. घरी मांजर असेल आणि तिचे केस गळालेले दिसले तर तिलाही पशुवैद्याला दाखवा. मुलाचं डोकं भादरायची गरज नाही. एक गोष्ट मात्र लांबवू नका: डाग फुगून मऊ, पूभरला झाला, मानेत गाठी आल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो फोड कापायचा नसतो, पण उशीर झाला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

प्रश्न: आईचं वय ५४. केमोथेरपी संपून अडीच महिने झाले. लव आली आहे, पण टाळू कोरडा, हात लावला तरी दुखतो. तुम्ही तेल नको म्हणता, मग काय लावावं?

उत्तर: तेल सगळ्यांनाच नको असं नाही. पहिल्या पत्रात बुरशी आणि तेलकट खपल्या आहेत. आईंचा टाळू फक्त कोरडा असेल, पिवळ्या खपल्या आणि लाली नसेल, तर तेल चालेल. पण ओल्या टाळूवर, पाच-सहा थेंब, न चोळता, तळवा टेकवून. सुगंधी, कापूर किंवा पेपरमिंट घातलेली तेलं नकोत. न्हाणं आठवड्यातून दोनदा, कोमट पाण्याने, सौम्य बिनवासाच्या शाम्पूने. डिसेंबरात गीझरचं कढत पाणी डोक्यावर घेण्याचा मोह होतो, ते टाळा.

नवा केस आधी जावळासारखा मऊ येतो, पुष्कळदा कुरळा आणि वेगळ्या रंगाचा. पुढे अनेकींचा मूळचा पोत परततो. मेंदी, काळी मेंदी, डाय किमान सहा महिने नको. बायोटिनच्या गोळ्या मनाने सुरू करू नका: त्याने थायरॉइडसारख्या काही रक्त तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. चालू असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. सहा महिन्यांनंतरही टाळू विरळच दिसत असेल तर ते कॅन्सरच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही औषधांनी वाढ रेंगाळते, आणि पुढे चालणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनीही केस विरळ होतात. गोळ्या मात्र केसांसाठी बंद करायच्या नाहीत. बाहेर पडताना मऊ सुती रुमाल बांधा. टाळूला आत्ता सावली हवी आहे.

प्रश्न: मुलगी दीड वर्षाची, केस विरळ. जावळ झालं. आणखी दोनदा टक्कल केलं तर दाट येतील का?

उत्तर: नाही. केसांची मुळं जन्माआधीच ठरलेली असतात. वस्तरा वरचा धागा कापतो, मुळाला त्याची खबरही नसते. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. राहू द्या तिचे केस.

प्रश्न: मी दिवसभर बाइकवर असतो, हेल्मेट असतं. घामामुळे दर पंधरा दिवसांनी झीरो मशीन मारतो. मानेवर केसांच्या रेषेत कडक पुटकुळ्या येतात, फोडल्या की परत येतात.

उत्तर: केस त्वचेलगत कापले की टोक धारदार होतं आणि, विशेषतः कुरळा केस असेल तर, वळून परत त्वचेत शिरतं. त्यावर घाम आणि हेल्मेटच्या पट्ट्याचं घर्षण. पुटकुळी फोडली की व्रण होतो, आणि व्रणावर व्रण बसून कडक गाठ बनते.

दोन महिने मानेवर झीरो मशीन आणि वस्तरा पूर्ण बंद. न्हाव्याला तीन नंबरची कंगवी लावायला सांगा, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर केस राहतील. दाढीचा वस्तराही त्या रेषेवर फिरवू द्यायचा नाही. ‘मान साफ करतो’ म्हणत तो हात जातोच, तेव्हा खुर्चीत बसल्याबसल्या सांगून ठेवा. हेल्मेटखाली सुती टोपी, दोन असू द्या, रोज धुऊन. घरी आल्यावर मान साध्या पाण्याने धुवा. बेंझॉइल परॉक्साइड अडीच टक्के जेल दिवसाआड रात्री फक्त पुटकुळ्यांवर, मसुराएवढं. उशीचा अभ्रा पांढरा ठेवा, कारण रंगीत कापडावर त्याचे डाग पडतात. शर्टाची ताठ कॉलर घासत असेल तर तोपर्यंत गोल गळ्याचा टी-शर्ट. सहा आठवड्यांत नव्या पुटकुळ्या थांबल्या नाहीत किंवा जुन्या गाठी चण्याएवढ्या झाल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गाठ लहान असताना तिच्यात इंजेक्शन देऊन ती बसवता येते.